सबवूफरची पेटी बांधताना: सांधे, आधार, पोर्ट आणि खडखड

सांगली-सातारा भागात सबवूफरची (फक्त बासचे, खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरची) पेटी बहुधा दोन ठिकाणी बांधली जाते: गाडीच्या साउंड सिस्टीमच्या दुकानात, नाहीतर घरचे फर्निचर करायला आलेल्या सुताराकडून. दोन्हीकडे पहिला प्रश्न लाकूड कोणते आणि जाडी किती हा असतो आणि दुसरा सनमायक्याच्या रंगाचा. पेटी हवाबंद कशी राहील, आतला आधार कुठे बसेल, पोर्टच्या, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीच्या, तोंडातून हवा किती वेगाने जाईल, हे प्रश्न सहसा निघतच नाहीत. पुढे ज्या खडखडीची, फुसफुशीची किंवा घुमण्याची तक्रार होते तिचे मूळ मात्र बहुतेक वेळा या तीन प्रश्नांतच सापडते. उत्तम मरीन प्लाय आणून ढिल्या सांध्यांनी जोडलेल्या पेटीपेक्षा साध्या एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या तक्त्याची), पण घट्ट आणि नीट आधार दिलेली पेटी अधिक शांत असते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची सगळी मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतो तो तारेबरोबर सगळे अंग झंकारावे म्हणून. सबवूफरच्या पेटीकडून नेमकी उलटी अपेक्षा असते. तिने स्वतःचा एकही सूर द्यायचा नाही. स्पीकरचा कागद (पुढे-मागे हलणारा शंकू) पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागची हवा विरळ होते आणि तो मागे येतो तेव्हा ती दाबली जाते. पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या उलट असल्यामुळे त्या मिसळल्या की एकमेकींना खोडतात. मागची लहर कोंडून ठेवणे (किंवा पोर्टमधून योग्य वेळी बाहेर सोडणे) आणि ते करताना स्वतः न वाकणे, एवढेच पेटीचे काम आहे.

हे काम दिसते तेवढे हलके नाही. १२ इंची सबवूफरच्या कागदाचे परिणामकारक क्षेत्रफळ सुमारे ५२० चौरस सेंटिमीटर असते. तो मधल्या स्थितीपासून १० मिलिमीटर आत सरकला की सुमारे अर्धा लिटर हवा दाबली जाते. ४५ लिटरच्या बंद पेटीत हा बदल एक टक्क्याहून थोडा अधिक होतो आणि हवेचा दाब त्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दीड टक्क्याच्या पुढे बदलतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण ३७ बाय ३७ सेंटिमीटरच्या एका फळीवर त्याचे बळ सुमारे वीस किलो वजनाइतके भरते. ४० हर्ट्झचा सूर चालू असेल तर ही फळी सेकंदाला चाळीस वेळा बाहेर ढकलली जाते आणि चाळीस वेळा आत ओढली जाते. सांध्यात सुईएवढी फट असेल तर त्या फटीतून शिट्टी किंवा फुसफुस का येते, हे यावरून लक्षात येईल.

ड्रायव्हर आधी, पेटी नंतर

पेटीचे घनफळ डोळ्याने किंवा गाडीच्या डिकीत उरलेल्या जागेवरून ठरवायचे नसते. ते ड्रायव्हरच्या, म्हणजे पेटीत बसणाऱ्या मूळ स्पीकरच्या, गुणांकांवरून निघते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात हे गणित मांडले, आणि आज बऱ्यापैकी कंपनीच्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात ते गुणांक छापलेले असतात. त्यांपैकी चार पाहावेत: एफएस, म्हणजे उघड्यावर ड्रायव्हरची स्वतःची कंपनसंख्या, क्यूटीएस, म्हणजे त्याच्या हालचालीवरचा एकूण लगाम किती सैल आहे त्याचा आकडा, व्हीएएस, म्हणजे कागद झुलता धरणाऱ्या भागांइतकी (सस्पेन्शनइतकी) लवचीक असणारी हवा किती लिटर, आणि एक्समॅक्स, म्हणजे एका बाजूला होणारी सुरक्षित हालचाल. ज्या ड्रायव्हरबरोबर हे आकडे मिळत नाहीत आणि खोक्यावर फक्त हजारो वॅट छापलेले असतात, तो घेऊ नये.

बंद पेटीसाठी गणित सोपे आहे. व्हीएएसला पेटीच्या घनफळाने भागावे, त्यात १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. त्या संख्येने क्यूटीएसला गुणले की पेटीतला एकूण क्यू मिळतो आणि एफएसला गुणले की पेटीतली नवी कंपनसंख्या मिळते. समजा, एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ७० लिटर आहे. ४५ लिटरच्या पेटीत वर्गमूळ सुमारे १.६ येते, म्हणून क्यू ०.७२ आणि कंपनसंख्या ४५ हर्ट्झच्या जवळ. क्यू ०.७ च्या आसपास असेल तर आवाज सपाट आणि आटोपशीर राहतो. हाच ड्रायव्हर जागा वाचवण्यासाठी २० लिटरमध्ये कोंबला तर क्यू ०.९५ वर आणि कंपनसंख्या ५९ हर्ट्झवर जाते; म्हणजे खालचे सूर कमी होतात आणि ९० हर्ट्झच्या आसपास हलका फुगवटा येतो. घरचे लोक त्यालाच ‘पेटी घुमते’ म्हणतात आणि दोष लाकडाला देतात. सुताराने कितीही जाड फळी वापरली तरी हा दोष जाणार नाही, कारण तो घनफळाचा आहे.

पहिलीच पेटी असेल तर बंद प्रकारची करावी. घनफळात पाच-दहा टक्के चूक झाली तरी ती निभावून नेते, पोर्टच्या पेटीत तशी सूट मिळत नाही.

लाकूड

१८ मिलिमीटरचा एमडीएफ घरगुती पेटीसाठी पुरेसा आहे. त्याची घनता प्रत्येक घनमीटरला साधारण ७०० ते ८०० किलो असते, तो सर्वत्र सारखा असतो आणि त्यात पोकळ्या नसतात. प्लायवूड वजनाला हलका आणि ताठ असतो, स्क्रू चांगला धरतो, त्यामुळे उचलून न्यायच्या पेटीसाठी तोच योग्य; पण स्वस्त कमर्शियल प्लायच्या पोटात थरांमध्ये फटी राहिलेल्या असतात आणि अशी फट नेमकी पेटीच्या फळीत आली तर ती ठरावीक सुरावर फडफडते, मग तिचे ठिकाण शोधता शोधता नाकी नऊ येतात. वखारीत तक्ता घेतानाच बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करून पाहावे. जिथे आवाज भरीव न येता पोकळ येतो तो तक्ता बाजूला ठेवावा. सामान्य वापराच्या प्लायवर आयएस ३०३ आणि मरीन प्लायवर आयएस ७१० असा मानकाचा छाप असतो, तोही पाहून घ्यावा. पार्टिकल बोर्ड मात्र स्क्रूच्या भोकाशी भुसभुशीत होतो, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये.

एमडीएफचा खरा शत्रू पाणी. कृष्णाकाठच्या सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरले, त्या घरांना हे वेगळे सांगायला नको: एकदा फुगलेली कड वाळल्यावर पूर्ववत होत नाही. पूर नसला तरी सातारा, वाई, पाटण या बाजूच्या पावसाळी दमटपणात कापलेल्या कडा ओलावा ओढून घेतात. म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेवर पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्यावा, वाळल्यावर घासून प्रायमर लावावा, आणि पेटी जमिनीपासून निदान इंचभर उंच रबरी पायांवर ठेवावी. माण, खटाव किंवा जतसारख्या कोरड्या भागात ही काळजी थोडी कमी चालते.

मापे आणि कापणी

वरच्या उदाहरणातील ड्रायव्हरसाठी ४५ लिटर निव्वळ घनफळ हवे. ड्रायव्हरचे चुंबक आणि सांगाडा सुमारे ३ लिटर जागा खातो, आतला आधार लिटरभर, म्हणून आतली मापे ३७० बाय ३७० बाय ३६५ मिलिमीटर घ्यावीत. त्यांचे घनफळ ५० लिटर येते आणि वजावट करूनही थोडे हाताशी राहते. १८ मिलिमीटरच्या फळीत यादी अशी होते: वरची आणि खालची फळी ४०६ बाय ३६५ च्या दोन, बाजूच्या ३७० बाय ३६५ च्या दोन, समोरच्या आणि मागच्या मिळून ४०६ बाय ४०६ च्या तीन, आणि आधारासाठी ३७० बाय ३७० ची एक. समोरची फळी दुहेरी आहे, कारण ड्रायव्हरचे वजन आणि धक्के तीच सोसते आणि तिच्यातच मोठे भोक पडते.

या आठ फळ्या ४ बाय ४ फुटांच्या अर्ध्या तक्त्यात बसतात, पण मांडणी विचार करून करावी लागते. ४०६ चे तीन चौकोन एका ओळीत लावायचा मोह होतो, कारण त्यांची बेरीज १२१८ येते आणि तक्ता १२२० चा असतो. करवतीचे पाते मात्र प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर खाते आणि तिसरा चौकोन अपुरा पडतो. पहिल्या ओळीत ४०६ चे दोन चौकोन आणि ३७० चा एक, दुसऱ्या ओळीत उरलेला चौकोन आणि वरची-खालची फळी, तिसऱ्या ओळीत बाजूच्या दोन, अशी रचना केली की सगळे बसते.

कापणी हातकरवतीने करू नये. पॅनल सॉ असलेल्या कारखान्यात, किंवा देवघराच्या जाळ्या कापणाऱ्या सीएनसीवाल्याकडे काम दिले तर कडा सरळ येतात, आणि कड सरळ असली तरच सांधा हवाबंद होतो. ज्या फळ्यांचे माप एकच आहे त्या एकाच मांडणीत सलग कापून घ्याव्यात; एक आज, दुसरी उद्या असे केले की अर्ध्या मिलिमीटरचा फरक हमखास पडतो. ड्रायव्हरचे भोक कापण्याआधी ड्रायव्हर हातात हवा. माहितीपत्रकातल्या मापावर विसंबून भोक कापू नये.

सांधे

इथे घाई करणे म्हणजे सगळ्या कामावर पाणी ओतणे. आपल्याकडच्या सुताराची सवय फेविकॉलची एक रेघ ओढायची, चार चुका ठोकायच्या आणि पुढे जायचे अशी असते. कपाटाला हे चालते, कारण कपाटात दाब नसतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तरच ताकद धरतो. फट भरून काढण्याचा गुण त्याच्यात नाही. एमडीएफची कापलेली कड गोंद शोषून घेते, म्हणून कडेला आधी एक पातळ थर द्यावा, पाच-दहा मिनिटांनी दुसरा, आणि मग जोडावे. क्लॅम्प आवळल्यावर संपूर्ण रेषेभर गोंदाचे बारीक थेंब बाहेर यायला हवेत. जिथे ते आले नाहीत तिथे सांधा उपाशी आहे असे समजावे.

खाचेचा सांधा साध्या टोकाला टोक लावलेल्या सांध्यापेक्षा चांगला, कारण त्यात गोंदाला दुप्पट जागा मिळते आणि हवेला वळण घ्यावे लागते. पण राऊटर (लाकडात खाच पाडणारे यंत्र) नसेल तर साधा सांधा करून आतल्या कोपऱ्यात इंचभर चौकोनी पट्टी गोंदासकट बसवावी. ताकद जवळपास तेवढीच मिळते. स्क्रू वापरायचे तर आधी अडीच-तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, कोपऱ्यापासून दोन इंच दूर राहावे, आणि स्क्रूचे काम गोंद सुकेपर्यंत दाब धरण्याचे आहे हे लक्षात ठेवावे. भोक न पाडता स्क्रू घुसवला की एमडीएफची कड आतल्या आत चिरते आणि ती चीर वरून दिसत नाही.

जोडणीचा क्रम असा ठेवावा. आधी गोंदाशिवाय सगळी पेटी उभी करून पाहावी. मग खालची फळी, दोन्ही बाजू आणि आधार एकत्र जोडावेत, वरची फळी चढवावी, गुण्या लावून काटकोन पाहावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गोंद ओला असतानाच क्लॅम्प तिरका लावून पेटी सरळ करावी. त्यानंतर मागची फळी, मग समोरची पहिली फळी. ती सुकली की ड्रायव्हरच्या भोकातून हात घालून आतल्या प्रत्येक सांध्यावर गोंद आणि लाकडाचा बारीक भुसा यांचा लगदा बोटाने ओढावा, आणि सगळ्यात शेवटी समोरची दुसरी फळी चिकटवावी. सिलिकॉन वापरायचे असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे टाळून न्यूट्रल प्रकारचे घ्यावे आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय ड्रायव्हर बसवू नये, कारण त्या आम्लाच्या वाफा बंद पेटीत कोंडून धातूच्या भागांना गंज चढवू शकतात. पावसाळ्यात गोंदाला पूर्ण ताकद यायला चोवीस तासही अपुरे पडू शकतात. दोन दिवस द्यावेत.

आतला आधार

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. हा नियम ऐकून बरेच जण सरसकट ३६ मिलिमीटरची पेटी करायला निघतात आणि मग ती उचलायला दोन माणसे लागतात. फळीची कंपनसंख्या मात्र जाडीच्या सरळ प्रमाणात वाढते आणि लांबी-रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे मोकळा पसारा निम्मा करणे हे जाडी दुप्पट करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहे. एक आधार हेच काम करतो.

आपल्या ३७ सेंटिमीटरच्या फळीची पहिली कंपनसंख्या कडा कशा धरल्या आहेत त्यावर अवलंबून अंदाजे २५० ते ४६० हर्ट्झ येते. घरगुती सबवूफर ८० किंवा १०० हर्ट्झच्या वर वाजतच नाही, म्हणून ही फळी आपल्या सुरावर जागी होण्याचा प्रसंग सहसा येत नाही. एक आधार दिला की काळजी मिटते. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीत दिसणाऱ्या मोठ्या पेट्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतली ६० बाय ९० सेंटिमीटरची फळी १८ मिलिमीटर एमडीएफमध्ये आधाराशिवाय ठेवली तर ती ७० ते १३० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी कंप पावते, म्हणजे बरोबर स्पीकरच्याच पट्ट्यात. अशा पेटीतून बासबरोबर येणारा ‘भप्प’ असा आवाज फळीचा असतो, आणि मालक तो जास्त बास समजून खूश असतो!

लांबट फळीला आधार द्यायचा तर तो लांबीच्या दिशेने द्यावा. ६० बाय ९० च्या फळीला रुंदीच्या दिशेने मधोमध पट्टी दिली तर ६० बाय ४५ चे दोन भाग होतात आणि कंपनसंख्या जेमतेम दुप्पट होते. तीच पट्टी लांबीच्या दिशेने दिली तर ३० बाय ९० चे दोन भाग होऊन ती तिप्पट होते. लाकूड थोडे जास्त लागते, पण फायदा उघड आहे.

आपल्या पेटीत आधार म्हणजे ३७० चा चौकोन, ज्याच्या मधून चार मोठ्या खिडक्या कापलेल्या आहेत आणि कडेला व मध्ये अधिक चिन्हासारखी लाकडाची चौकट उरली आहे. तो चारही बाजूंच्या फळ्यांना एकमेकींशी बांधतो. खिडक्या निदान अर्ध्याहून अधिक क्षेत्रफळाच्या असाव्यात, नाहीतर पेटीचे दोन खण पडतात. आधार बरोबर मध्यावर न ठेवता थोडा पुढे किंवा मागे सरकवावा, म्हणजे दोन्ही बाजूंचे भाग एकाच सुरावर कंप पावणार नाहीत. फक्त तो ड्रायव्हरच्या चुंबकाला लागत नाही ना, हे आधीच मोजून घ्यावे. आधाराची प्रत्येक कड गोंदाने चिकटलेली असली पाहिजे. एका बाजूने सुटा राहिलेला आधार आधार नसल्यापेक्षा वाईट असतो, कारण तो लाकडावर लाकूड आपटतो.

पेटीच्या आत गाडीच्या पत्र्यावर लावतात तसले डांबर किंवा फोमचे त्रिकोण चिकटवण्याची फॅशन आहे. आतल्या हवेतल्या उभ्या लहरी अर्ध्या मीटरच्या पेटीत सुमारे ३४० हर्ट्झपासून सुरू होतात, सबवूफरच्या पट्ट्याच्या खूप वर, त्यामुळे फोमला तिथे काही काम नाही. बंद पेटीत उशीत भरतो तसला रेक्रॉन पिंजून सैलसर भरला तर ड्रायव्हरला पेटी थोडी मोठी असल्यासारखी भासते आणि क्यू किंचित उतरतो, एवढा उपयोग आहे. कापूस भरू नये. तो खाली बसतो आणि ओल धरतो.

पोर्ट हवाच असेल तर

पोर्टच्या पेटीत ठरावीक सुरापाशी कागद जवळजवळ स्थिर राहतो आणि बहुतेक आवाज पोर्टमधली हवाच देते. त्यामुळे पोर्ट अरुंद असेल तर तिथेच गोंगाट होतो. हवेचा वेग सेकंदाला साधारण १७ मीटरच्या खाली ठेवावा. त्याच्या वर फुसफूस कानाला लागते.

लांबीचे सूत्र असे: पोर्टच्या आतल्या व्यासाचा सेंटिमीटरमधला वर्ग गुणिले २३५६२.५ गुणिले पोर्टची संख्या. त्याला सुराच्या हर्ट्झमधल्या आकड्याच्या वर्गाने आणि पेटीच्या लिटरमधल्या घनफळाने भागावे. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा करावे. ७० लिटरची पेटी ३० हर्ट्झवर लावायची असे धरू. आतून ७ सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला तर लांबी अवघी १३ सेंटिमीटर येते आणि तो सहज बसतो, म्हणून बाजारातल्या बहुतेक पेट्यांत असा बारीक पाइप दिसतो. सांडपाण्याच्या ११० मिलिमीटरच्या पाइपचा आतला व्यास साधारण १०.४ सेंटिमीटर असतो. त्याला ३३ सेंटिमीटर लांबी लागते, पण तोंडाचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होऊन हवेचा वेग निम्म्याहून कमी होतो. असे दोन पाइप घ्यायचे म्हटले तर प्रत्येकी ७३ सेंटिमीटर लांबी लागते आणि पेटीत ती मावत नाही. एक मोठा पाइप हा इथला व्यवहारी मार्ग आहे. पाइपच्या भिंतीची जाडी प्रकाराप्रमाणे बदलते, म्हणून आतला व्यास स्वतः मोजूनच गणित करावे, आणि पाइपने व्यापलेले घनफळ पेटीतून वजा करावे.

पाइपचे दोन्ही तोंडे गोलाईदार हवीत. समोरच्या दुहेरी फळीच्या कडेला राऊटरने १८ मिलिमीटरची गोलाई दिली तर बाहेरचे तोंड निभावते; आतले टोक मागच्या फळीपासून निदान एका व्यासाइतके दूर असावे. पाइप फळीत नुसता दाबून बसवू नये, चारही बाजूंनी इपॉक्सीने पक्का करावा आणि लांब असेल तर आतल्या टोकाला लाकडी खुंटीचा आधार द्यावा, नाहीतर तोच खडखडतो. लावलेल्या सुराच्या खाली ड्रायव्हरला हवेचा आधार मिळत नाही आणि कागद बेफाम हलतो, त्यामुळे अँप्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारी सोय) असेल तरच ही वाट धरावी.

ड्रायव्हर, तारा आणि टर्मिनल

ड्रायव्हर लाकडी स्क्रूने बसवला तर दोन-तीनदा काढ-घाल केल्यावर भोके सैल होतात. मागून टी-नट (लाकडात रुतणारी दातेरी चकतीची नट) ठोकून एम-५ बोल्ट वापरावेत, टी-नटला इपॉक्सीचा थेंब द्यावा, आणि ड्रायव्हरच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटरची मऊ फोम पट्टी एकसंध गोल फिरवावी. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने करकचून आवळले की सांगाडा वाकतो आणि कागद हलवणारी तारेची कॉइल घासू लागते. तो खरखरीत आवाज मग पेटीत शोधत बसावे लागते.

बाजारातले प्लास्टिकचे टर्मिनल कप हे गळतीचे हमखास ठिकाण आहे. त्याऐवजी मागच्या फळीतून वायसरसकट दोन पितळी बोल्ट आरपार काढून भोवती इपॉक्सी भरली तर टर्मिनलही मिळते आणि भोकही बुजते. आतली तार आधाराला जागोजागी क्लिपने बांधावी, कारण सैल तार फळीवर टकटक करते आणि कागदाला लागली तर स्पीकर फाटल्यासारखा आवाज येतो.

गळती आणि खडखड शोधणे

बंद पेटीचा कागद चारही बोटांनी मध्याच्या भोवती समान दाब देत हळूच आत ढकलावा, थोडा वेळ धरावा आणि सोडावा. तो सावकाश मूळ जागी आला तर पेटी घट्ट आहे. चटकन आला तर कुठेतरी गळते आहे. मग मोबाइलवरच्या टोन जनरेटरने २५ हर्ट्झच्या आसपासचा सूर बेताच्या आवाजात लावून पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून, टर्मिनलभोवती आणि ड्रायव्हरच्या कडेने फिरवावी. धूर जिथे थरथरतो किंवा फुंकर बसल्यासारखा बाजूला जातो तिथे फट आहे. ही परीक्षा पंखा बंद करून करावी.

पोर्टची पेटी खरोखर कोणत्या सुरावर लागली हेही याच साधनाने कळते. सूर ५० पासून एकेक हर्ट्झने खाली आणत कागदाकडे पाहावे. ज्या सुराला त्याची हालचाल सर्वांत कमी दिसते तोच पोर्टचा सूर. तो अपेक्षेपेक्षा खाली असेल तर पाइप अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत जावे. वर असेल तर नवा पाइप घ्यावा लागतो, म्हणून सुरुवातीला पाइप नेहमी थोडा लांबच ठेवावा.

खडखडीसाठी २० ते १५० हर्ट्झपर्यंत सूर अगदी सावकाश चढवावा. आवाज आला की तिथेच थांबून एकेक फळी तळहाताने दाबून पाहावी. दाबल्यावर थांबला तर ती फळी किंवा तिच्यामागचा आधार सुटा आहे. वरच्या फळीवर चिमूटभर रवा पसरला तर कुठला भाग नाचतो ते डोळ्याला दिसते. हे करताना एक पथ्य पाळावे: आधी खोली शांत करावी. खिडकीची तावदाने, शोकेसची काच, मांडणीवरची भांडी, पत्र्याच्या छताचा सैल स्क्रू, भिंतीवरच्या तसबिरी, यांतले काहीतरी ४० ते ७० हर्ट्झच्या दरम्यान बोलतेच, आणि पेटी उगाच खोलली जाते.

सूर बंद असतानाही येणारी गुणगुण हा वेगळा विषय आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून विजेची गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर येते आणि सबवूफर ती इमानेइतबारे वाजवतो. सिग्नलची तार काढल्यावर गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा (ग्राउंड लूपचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना अर्थिंग दोन वाटांनी मिळाल्याचा) आहे. टीव्हीला येणारी केबलची तार काढून पाहावी, पुष्कळदा तिथेच उत्तर मिळते. तार काढूनही ती राहिली आणि हात लावल्यावर अँप्लिफायरच्या पत्र्याला कंप जाणवला तर ट्रान्सफॉर्मर फळीला हलवतो आहे. अँप्लिफायर पेटीतच बसवायचा असेल तर त्याला वेगळा बंद खण द्यावा आणि बोल्टखाली रबरी वायसर घालावेत.

पेटी कुठे आणि कशावर

कागद पुढे जातो तेव्हा पेटी मागे ढकलली जाते. १५० ग्रॅम हलते वस्तुमान ४० हर्ट्झवर १० मिलिमीटर हलले तर पेटीवर सुमारे दहा किलोंचा धक्का बसतो. लाकूड आणि ड्रायव्हर मिळून वीस किलोंची पेटी त्यामुळे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी हलते, पण गुळगुळीत फरशीवर तेवढेही तिला हळूहळू चालवायला पुरते. पेटी जितकी जड तितके हे हलणे कमी; जड पेटीचा खरा फायदा हा. चार रबरी पायांखाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली पुन्हा रबराची चकती अशी रचना केली तर धक्का स्लॅबमध्ये कमी उतरतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्रास कमी होतो. हवेतून भिंतीपलीकडे जाणारा बास मात्र याने थांबत नाही, कारण ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांबीची असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तिथे एकच उपाय चालतो, तो म्हणजे आवाजाचा खटका.

कोपऱ्यात ठेवलेली पेटी जास्त बास देते, पण खोलीचे (तिच्या मापांमुळे घुमणारे) सूरही तिथेच सर्वाधिक चेकाळतात. आपण ऐकायला बसतो त्या जागी पेटी ठेवून, गाणे चालू ठेवून, आपण भिंतीच्या कडेने गुडघ्यावर फिरावे; जिथे बास एकसारखा ऐकू येतो तिथे पेटी न्यावी. जागा ठरल्यावर महिनाभराने ड्रायव्हरचे बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत, कारण फोमची पट्टी तोपर्यंत दबलेली असते, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर उदबत्तीची परीक्षा परत करावी.